वही तीच, पुठ्ठा तोच, तरी यंदा शाई का फुटते?

गेल्या वर्षीची वही मे महिन्यात संपली. जूनमध्ये त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या, तशाच निळ्या पुठ्ठ्याच्या सहा वह्या एकदम आणल्या. पहिल्या पानावर तारीख टाकली आणि '७'च्या पोटातून बारीक मुळं फुटावीत तशी शाई पसरली. शाईचं पेन (फाउंटन पेन) तेच होतं, शाईची बाटलीही तीच. जुन्या वहीचं शेवटचं अर्धं कोरं पान उघडून त्यावर तीच तारीख लिहिली, तर अक्षर कोरल्यासारखं स्वच्छ. नव्या वहीत मात्र 'क्ष'ची गाठ बुजून नुसता ठिपका झालेला आणि शिरोरेषेला वर-खाली केस फुटलेले.

दोन्ही वह्या घेऊन दुकानात गेलो. दुकानदार काकांनी त्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "अहो, तोच माल आहे. कव्हर बघा ना." खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी दोन्हींवर रेघ ओढून दाखवली. दोन्ही रेघा सारख्याच उमटल्या. काकांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या पेनाला दोन कागदांतला फरक दिसतच नव्हता.

ह्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते, ती कागदाच्या वर बसते. आपल्या पेनाची शाई म्हणजे रंग घातलेलं पाणी. ते जिथे वाट मिळेल तिथे कागदाच्या तंतूंमधून सरकतं. वही घेणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे बॉलपेनाने किंवा जेलपेनाने लिहितात, त्यामुळे कागद बदलला तरी तक्रार कारखान्यापर्यंत पोचत नाही. आणि कागद बदलतोच. वह्या बनवणारे बरेचसे कारखानदार कागद स्वतः बनवत नाहीत. गिरणीकडून रिळं घेतात, आखणी करतात, दुमडतात, पिना मारतात, कापतात. शाळा उघडायच्या आधीच्या हंगामात जो कागद परवडेल तो त्या वर्षीच्या वह्यांत जातो. पुठ्ठ्याची छपाई मात्र तीच राहते.

म्हणून "शाईच्या पेनाला कुठली देशी वही चांगली?" ह्या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देऊन भागत नाही. नाव सांगणारा खरंच सांगत असतो, पण त्याच्या हातातल्या लॉटबद्दल. तुम्हाला मिळेल तो लॉट दुसरा असू शकतो. कागद ओळखायला शिकायचं आणि चांगला लॉट हाती लागला की वर्षभराच्या वह्या त्याच दिवशी उचलायच्या, हाच उपाय मला टिकाऊ वाटतो.

आधी पेन आणि शाई तपासा

वहीला बोल लावण्याआधी एवढं करा. ज्या कागदावर पूर्वी अक्षर चांगलं आलं होतं असा एखादा तुकडा जपून ठेवलेला असावा. त्यावर आजच्या पेनाने, आजच्या शाईने लिहा. तिथेही फुटली तर दोष पेनात किंवा शाईत आहे: निब जास्त शाई सोडते आहे, पेनात शाई अगदी थोडी उरल्याने आतली हवा गरम होऊन ती ढकलली जाते आहे, किंवा बाटलीत पाणी गेलं आहे. तिथे स्वच्छ आलं तर दोष कागदाचा. माझ्याकडे टाचलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यात असा एक चतकोर कागद कायम असतो.

खळ कमी पडली की शाई फुटते

कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा असतो आणि तंतूंना पाणी ओढून घ्यायची सवय असते. ही ओढ रोखण्यासाठी कागदाला खळ द्यावी लागते. आपल्या भागात हे ज्ञान जुनं आहे. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागद बनायचा. ताव वाळला की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. घोटीव कागदावर बोरूची पातळ शाई फाकत नसे. पेशवे दफ्तरातली मोडी अक्षरं आज वाचता येतात त्यात त्या खळीचाही वाटा आहे.

गिरणीत हेच काम दोन टप्प्यांत होतं. लगद्यातच पाणी अडवणारं द्रव्य मिसळतात. पूर्वी ते राळ आणि तुरटी असे, आता बऱ्याच गिरण्या त्याऐवजी एकेडी नावाचं रसायन वापरतात. मग ताव तयार होताना वरून स्टार्चचा हात दिला जातो. ह्यांपैकी कुठेही हात आखडला की कागद बॉलपेनाला चालतो आणि आपल्याला रडवतो. कागद किती पाणी पितो हे मोजायची रीतही ठरलेली आहे. तिला कॉब चाचणी म्हणतात: एक चौरस मीटर कागद ६० सेकंदांत किती ग्रॅम पाणी शोषतो ते पाहायचं. लिहिण्याच्या चांगल्या कागदाचा आकडा साधारण २० ते २५च्या घरात असतो. वहीच्या पुठ्ठ्यावर हा आकडा छापलेला मी एकदाही पाहिलेला नाही. छापला तर आमची निम्मी वणवण संपेल.

पुठ्ठ्यावर असतं ते जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. सगळे त्यावर विसंबतात आणि तिथेच फसतात. शाळेच्या वह्या साधारण ५५ ते ६० जीएसएमच्या असतात. ७० किंवा ८० लिहिलेली वही घेतली की काम झालं असं वाटतं. पण वजनाने फक्त जाडी आणि आरपारपणा ह्यांचा अंदाज येतो. खळ नसलेला ९० जीएसएमचा कागद टिपकागदासारखाच वागतो. उलट जपानचा टोमोए रिव्हर कागद अवघ्या ५२ जीएसएमचा असून त्यावर शाई फाकत नाही. पांढरेशुभ्रपणाचंही तसंच. तो खडूच्या भुकटीने आणि उजळवणाऱ्या रसायनाने येतो, खळीने येत नाही.

पान काय सांगतं

अक्षराच्या कडेला केस फुटत असतील तर खळ कमी आहे. मागच्या बाजूला शाईचे ठिपके उतरत असतील तर खळ कमी आणि कागदही विरळ. असं पान उजेडासमोर धरलं की ढगाळ दिसतं: कुठे दाट, कुठे पातळ. मागे ठिपके नाहीत, फक्त अक्षराची सावली दिसते, तर कागद पातळ आहे एवढंच. तेवढ्यासाठी वही टाकू नका.

आता एक खूण जरा सविस्तर सांगतो, कारण हिच्यामुळे मी चांगल्या वह्या उगाच नाकारल्या आहेत आणि वाईट वह्या उगाच घेतल्या आहेत. कधी कधी उजव्या पानावर शाई फुटते आणि डाव्या पानावर अजिबात फुटत नाही. तसं होत असेल तर मधल्या पिनेपर्यंत जा आणि पुढची पानं लिहून पाहा. पिनेनंतर उलटं होतं: आता डावं पान वाईट, उजवं चांगलं. कारण सरळ आहे. यंत्रावर लगदा एका जाळीवर पसरतो आणि पाणी खालून निथळतं. निथळताना जाळीकडच्या बाजूचे बारीक कण वाहून जातात, म्हणून कागदाच्या दोन बाजू सारख्या नसतात. वहीसाठी ताव एकाच दिशेने रचून मधून दुमडतात, त्यामुळे बाहेरची बाजू पहिल्या अर्ध्या वहीत उजवीकडे येते आणि पुढच्या अर्ध्या वहीत डावीकडे. शिलाईच्या जाड वहीत अनेक फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या तावांचे छोटे गठ्ठे, असतात, तिथे हाच खेळ प्रत्येक फर्म्यात पुन्हा होतो. दुकानात फक्त शेवटच्या पानावर लिहून पाहिलं तर तुम्हाला एकच बाजू कळते. एकाच पानाच्या दोन्ही अंगांवर लिहून पाहा. आणि घरात अशी वही आधीच असेल तर चांगल्या बाजूवर शाईने लिहा, वाईट बाजू पेन्सिलीच्या टिपणांना ठेवा. माझी एक अख्खी वही अशी सत्कारणी लागली.

पेन तुटक चालत असेल, म्हणजे रेघ मधेच कोरडी पडत असेल, तर दुसरंच दुखणं आहे. पानाचा वरचा अर्धा भाग छान जातो आणि खालच्या अर्ध्यात पेन अडखळतं, असं झालं तर तो तळहाताचा घाम आणि तेल आहे. हाताखाली टिपकागद किंवा साधा कागदाचा तुकडा ठेवा, त्याच दिवशी फरक पडेल. फक्त आखलेल्या रेघेवरून जातानाच अक्षर तुटत असेल तर आखणीची शाई तेलकट आहे. तसल्या वहीत रेघेला न टेकता दोन रेघांच्या मधोमध लिहावं लागतं, नाहीतर कोरी वही घ्यावी. संपूर्ण पानभर तुटत असेल तर कागद फार गुळगुळीत किंवा वरून फार लिंपलेला आहे. त्यावर शाई वाळायलाही वेळ लागतो.

पावसाळ्यात ह्यातलं सगळंच वाढतं. कागद हवेतली ओल पितो आणि मार्चमध्ये गुणाने वागणारी वही जुलैत फुटायला लागते. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि जुलैतल्या एका दिवसावरून वहीची पारख करू नका.

दुकानात काय करायचं

पेन भरून न्या, शक्यतो रोजचंच. दुकानदाराला आधी विचारा. "काका, शेवटच्या पानावर लिहून बघू का? चांगली निघाली तर डझनभर घेतो." डझनाचं नाव काढलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. मग शिरोरेषेसह एक ओळ सावकाश लिहा. क्ष, ष्ट, श्र, ळ ही अक्षरं त्यात असू द्या, कारण त्यांच्या गाठी आणि पोकळ्या आधी बुजतात. निब टेकवून एक, दोन आणि तीन मोजेपर्यंत तीन ठिपके द्या. तिसरा ठिपका पलीकडे उतरला तर चालेल, पहिलाच उतरला तर वही खाली ठेवा. आडव्या-उभ्या रेघांची छोटी जाळी काढा. एवढं दोन्ही अंगांवर.

पेन चालवू देत नसतील तर पाण्याचा थेंब पुरतो. पानाच्या कोपऱ्यावर बोटाने एक थेंब ठेवा. तो लगेच पसरून गडद डाग पडला आणि मागून दिसला, तर त्या कागदावर शाई टिकणार नाही. मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर खळ चांगली आहे. पान हलवून आवाजही ऐका. खळ बसलेला कागद खडखडीत वाजतो, कमी खळीचा फडक्यासारखा लुळा असतो. आवाजावर एकट्याने निर्णय घेऊ नका, पण दहा वह्यांतून तीन वेगळ्या काढायला तो उपयोगी आहे.

मग पुठ्ठ्यामागचा मजकूर वाचा. तिथे बनवल्याचा किंवा पॅक केल्याचा महिना आणि वर्ष असतं. चांगली निघालेली वही आणि गठ्ठ्यातल्या बाकीच्या वह्या एकाच महिन्याच्या आहेत का ते जुळवून घ्या. एकाच फळीवर दोन हंगामांचा माल शेजारीशेजारी असतो. ऑनलाइन घेताना हे बघता येत नाही, म्हणून आधी एकच मागवा आणि ती पास झाली की त्याच विक्रेत्याकडून लगेच बाकीच्या मागवा. महिनाभर थांबलात तर लॉट हुकतो.

देशी म्हणजे नेमकं काय देशी?

ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो आहे, कारण मला पुठ्ठ्यापुरतं देशी नको आहे. आपल्याकडे पेन आहे: आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली स्वतः पत्र लिहून समाधान कळवलं होतं. शाई आहे: दांडेकरांनी १९३१ साली शाईपासूनच कॅमलिनचा उद्योग उभा केला, बंगालात १९३४ साली सुलेखा निघाली. लिहिण्याच्या तीन वस्तूंपैकी दोन अशा जिद्दीने इथे उभ्या राहिल्या आणि तिसरीसाठी जपानकडे तोंड करून बसायचं, हे मनाला पटत नाही.

बाजारात "मेड इन इंडिया" लिहिलेल्या काही महागड्या वह्यांची फक्त बांधणी इथली असते आणि कागद बाहेरचा. तो उत्तम असतो, पण आपला शोध वेगळा असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा: कागद कुठल्या गिरणीचा? उत्तर देणारा विक्रेता जपावा.

आपल्या गिरण्यांचा कच्चा मालही निरनिराळा आहे. तामिळनाडूतल्या करूरजवळची टीएनपीएल उसाच्या चिपाडापासून कागद करण्यासाठी ओळखली जाते, पंजाबातली ट्रायडेंट गव्हाच्या काडापासून करते, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची गिरणी बांबूवर वाढली. चिपाडाचा कागद म्हणजे हलका, असं अनेक जण धरून चालतात. मी तसं मानत नाही. चिपाडाचे आणि काडाचे तंतू आखूड असतात, त्यामुळे पान सपाट आणि एकसारखं होऊ शकतं. शाई टिकते की नाही हे पुन्हा खळीवरच ठरतं. रद्दीपासून केलेल्या कागदाबद्दल मात्र मी सावध असतो. त्यात जुने तुटलेले तंतू असतात आणि एकाच पानावर कुठे शाई बसते, कुठे फाकते.

ज्या कंपनीची वही आहे तिचीच कागदाची गिरणी असेल तर कागद बदलायची शक्यता कमी, असा माझा हिशेब. आयटीसीची क्लासमेट २००३ साली आली आणि आयटीसीची स्वतःची गिरणी तेलंगणात भद्राचलमजवळ आहे, हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तरीही थेंब आणि तीन ठिपके ह्यांतून कुठल्याच वहीला सूट देत नाही.

हातकागदाच्या वह्या दिसायला मोहक असतात. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून कापसाच्या चिंध्यांपासून कागद करणारी, राजस्थानात सांगानेरला हा धंदा मोठा आहे. हा कागद घेताना खळ दिलेला आहे का एवढंच विचारा. न दिलेला चित्राला आणि पाकिटाला चांगला, पेनाला नाही. खडबडीत तावाचे सुटे तंतू निबेच्या चिरेत अडकतात. तसं झालं तर निब पाण्याखाली धरून पितळेच्या पातळ पत्रीने तंतू काढा, टाचणी घालू नका.

सगळ्यात खात्रीचा मार्ग: कागद निवडा, वही बांधून घ्या

दोन वर्षांपासून मी अर्ध्या वह्या अशाच करतो. सुटा कागद तपासणं सोपं असतं आणि सुट्या कागदाच्या रिमवर गिरणीचं नाव, जीएसएम सगळं छापलेलं असतं. झेरॉक्सचा ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद बहुतेकदा फुटतो. ८५ किंवा १०० जीएसएमचा एक्झिक्युटिव्ह बाँड, वॉटरमार्क असलेला, बऱ्याचदा उत्तम निघतो. आधी दुकानातून चार-पाच निरनिराळे सुटे ताव आणा, घरी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी लिहून पाहा, मग रिम घ्या.

हिशेब असा: ए-फोरचा एक ताव मधून दुमडला की वहीची चार पानं होतात. दोनशे पानी वहीला ५० ताव लागतात, म्हणजे ५०० तावांच्या एका रिममध्ये दहा वह्या. सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच लॉटच्या.

बाइंडरकाकांनी मला ह्यात एक गोष्ट शिकवली. पहिल्या खेपेला मी रिम नेऊन दिली तेव्हा त्यांनी एक ताव घेतला, आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून दाखवला. एका दिशेने तो सहज वळला, दुसऱ्या दिशेने ताठ राहिला. "ग्रेन लांबीला आहे हो ह्याचा. मधून दुमडलात तर वही फुगणार, उघडी राहणार नाही." झेरॉक्सच्या मापात येणाऱ्या कागदाचे तंतू सहसा तावाच्या लांबीच्या दिशेने असतात आणि आपण घडी घालतो ती आडवी, तंतूंच्या विरुद्ध. त्यांनी सुचवलं की कागदाच्या व्यापाऱ्याकडून मोठे ताव घ्या, डबल क्राउन म्हणजे २० बाय ३० इंची, ते मी ग्रेन बघून कापून देतो. तेव्हापासून तसंच करतो. आठ-आठ तावांचे फर्मे, दोऱ्याची शिलाई, पाठीला कापडी पट्टी. ही वही टेबलावर सपाट उघडी राहते. गोंदाने चिकटवलेली पाठ नको. दोन महिन्यांत पानं सुटतात. आखणी हवी असेल तर जाड काळ्या रेघांचा एक कागद पानाखाली सरकवा, शाळेत आपण पत्र लिहिताना करायचो तसं.

वाईट वह्या घरात पडल्या असतील तर

बारीक निब वापरा. कमी शाई सोडणारं पेन असेल तर ते ह्या वह्यांसाठी राखून ठेवा. रंगद्रव्याची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई आणि लोहयुक्त काळी पडणारी शाई साध्या रंगाच्या शाईपेक्षा कमी फाकते, पण ह्या दोन्ही पेनात वाळू देऊ नका. आठवड्याला पेन पाण्याने धुवा. पानाच्या एकाच अंगावर लिहा. शाईत पाणी घालून पातळ करायच्या फंदात पडू नका, पातळ शाई जास्त फाकते. पानावर स्टार्चची फवारणी मी करून पाहिली आहे: शाई थांबते, पण पान आक्रसतं आणि वही बंद होत नाही.

जूनमधल्या सहा वह्यांपैकी चार शेजारच्या मुलीला दिल्या, ती बॉलपेनाने गणितं सोडवते. पाचवी पेन्सिलीची झाली. सहावीतून एक पान फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि तपासलेल्या दुसऱ्या वह्यांच्या पट्ट्यांशेजारी एका पुठ्ठ्यावर चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर तीच ओळ, तेच तीन ठिपके, खाली महिना आणि वर्ष. हा पुठ्ठा आता पिशवीत पेनाशेजारीच असतो. दुकानदार काकांनी परवा तो मागून घेतला, भिंगाखाली बघितला आणि आतल्या खोलीतून मागच्या हंगामाच्या धूळ बसलेल्या अकरा वह्या काढून दिल्या.